आधी रोजनामा वाचा

दर अंकात एखाद्या क्षेत्रातल्या अनुभवी व्यक्तीला वाचक प्रश्न विचारतात. या वेळी उत्तरं देणाऱ्या बाई १९८८ साली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर म्हणून रुजू झाल्या आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्या. "नाव छापू नका, नाहीतर लोक फायली घेऊन दारात येतील," ही त्यांची अट आम्ही पाळली आहे.

प्रश्न : वडिलांनी चुलत्यांविरुद्ध २०११ साली जमीन वाटपाचा दावा लावला. वडील गेले, दावा चालूच आहे. दर तारखेला वकील सांगतात, "साहेब रजेवर", "साहेब बदलले", "बोर्ड मोठा होता". तुम्ही लोक दिवसभर करता तरी काय? राग मानू नका.
— एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : राग कशाला मानू? हा प्रश्न मला एसटीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही विचारला गेलाय. तिथे तोंड उघडं होतं, पण उत्तर देता येत नव्हतं. आज देते.

तालुका कोर्टात अकरा वाजता डायसवर बसलं की समोर सत्तर-ऐंशी प्रकरणांचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाची यादी, असते. शिपाई पुकारा करतो. कुठे समन्स न बजावता परत आलेलं असतं, त्यावर बेलिफाचा शेरा : "दिलेल्या पत्त्यावर राहत नाही." कुठे वकिलांचा मुदतीचा अर्ज. कुठे आरोपी गैरहजर, वॉरंट काढा. दारूबंदीच्या आणि मटक्याच्या केसेस, चेक न वटल्याच्या फिर्यादी, पोटगीचे अर्ज. जेवायच्या सुट्टीपर्यंत यातच वेळ जातो आणि साक्षीपुरावा दुपारी सुरू होतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत कारकून साक्षीदाराचा जबाब मराठीत उतरवून घ्यायचा आणि मी शेजारी इंग्रजीत हाताने टिपण काढायची. निकालपत्र सांगायला वेळ मिळायचा तो कोर्ट उठल्यावर किंवा रविवारी. लघुलेखक रजेवर असला तर तोही नाही.

ही सबब नाही. ज्याला २०११ पासून तारखाच मिळाल्या त्याने माझ्या बोर्डाची कीव का करावी? म्हणून आता तुमच्या दाव्याकडे येते.

मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत. पत्रावरून वाटतं, तुम्हीही पाहिलेले नाहीत. आधी रोजनामा वाचा. प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, मुदत कोणी मागितली, कशासाठी मागितली, कोर्टाने काय हुकूम केला, हे त्यात दोन-चार ओळींत लिहिलेलं असतं. वकिलांना नक्कल अर्ज द्यायला सांगा, पहिल्या तारखेपासूनच्या रोजनाम्याची प्रमाणित नक्कल मिळते. दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर मागच्या-पुढच्या तारखाही फुकट पाहता येतात. जिल्हा न्यायालयात अपील हातात आलं की मी निकालपत्राच्या आधी रोजनामा वाचायची. निकालपत्रात न्यायाधीशाची भाषा असते. दावा कुठे अडला, कोणी अडवला, ते रोजनाम्यात असतं. भावकीच्या एका दाव्यात न्यायासाठी टाहो फोडणारा वादीच लागोपाठ तीन वर्षं मुदती मागत होता, कारण तोवर सगळा ऊस त्याच्याच नावाने कारखान्याला जात होता. ज्याच्या ताब्यात जमीन, त्याला तारीख गोड.

वाटपाचा दावा साधारण तीन ठिकाणी रुततो. पहिलं ठिकाण तुम्हाला लागू आहे. वडील गेल्यावर त्यांचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आले का? आले नसतील तर त्यांच्यापुरता दावा आपोआप संपतो. तो पुन्हा उभा करायला पुढे ६० दिवसांची मुदत, आणि त्याहून उशीर झाला तर उशीर माफीचा वेगळा अर्ज. तुमच्या बहिणीही वारस आहेत, त्यांची नावं विसरू नका. प्रतिवादींपैकी कोणी गेलं असेल तर तिथेही हाच हिशेब, आणि चुलत भावांच्या घरात मृत्यू झाला की त्यांचा वकील ते आपणहून सांगायला धावत येत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे कैफियत, प्रतिवादीचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत ती यायला हवी, आणि सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने पुढे यात अपवादाची फट ठेवली आणि आमच्याकडे त्या फटीतून बैलगाडी जाते. तुमच्या वकिलांनी प्रत्येक मुदतीच्या अर्जावर "हरकत आहे, खर्च लावावा" असं लेखी म्हणणं दिलं का, ते बघा. तोंडी हरकत हवेत विरते.

तिसरं ठिकाण लोकांना ठाऊकच नसतं. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला म्हणजे जमीन हातात आली असं नाही. कोणाचा हिस्सा किती, एवढंच कोर्ट ठरवतं. सारा भरणाऱ्या जमिनीचे सरसनिरस, म्हणजे चांगली-वाईट जमीन पाहून, तुकडे पाडण्याचं काम त्याच संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून ते तहसीलला, भूमी अभिलेखला, मोजणीला. निकाल लागल्यावर पेढे वाटून घरी बसलेले आणि पुढची हालचालच न केलेले पक्षकार मी पाहिलेत. निकाल लागला की त्याच आठवड्यात वकिलांना विचारा : कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले का, जावक क्रमांक काय?

प्रश्न : कोर्टात खरंच गीतेवर हात ठेवून शपथ घेतात का? आणि फाशी दिल्यावर पेनाचं टोक मोडतात का? तुम्ही हातोडा आपटायचात का?
— इयत्ता नववी, कणकवली

उत्तर : गीता नाही, कुराण नाही, कुठलंच पुस्तक नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, कारकून सांगतो तसं तो म्हणतो की ईश्वरसाक्ष खरं सांगेन. देव न मानणाऱ्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची. १९६९ चा शपथेचा कायदा तेवढंच मागतो. हातोडा आपल्या देशातल्या कोर्टात मी कधी पाहिलेला नाही. गोंगाट झाला की शिपाई "शांतता राखा" म्हणतो, आणि माझा एक शिपाई ते इतकं मोठ्याने म्हणायचा की खरा गोंगाट तोच. पेन मोडण्याचा रिवाज काही न्यायाधीश पाळतात, कायद्यात तसं काही नाही. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हे मात्र लक्षात ठेव. सिनेमात ते दाखवत नाहीत.

प्रश्न : आम्ही चोर रंगेहाथ धरून पोलिसांना दिला. चार दिवसांत मॅजिस्ट्रेटने जामीन दिला आणि तो आमच्याच चौकात चहा पीत बसला. कायदा नेमका कोणासाठी आहे?
— व्यापारी, जालना जिल्हा

उत्तर : तो चहा पीत असला तरी त्याच्यावरचा खटला उभा आहे. साध्या चोरीला शिक्षाच जास्तीत जास्त तीन वर्षं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करू नये आणि मॅजिस्ट्रेटने डोळे मिटून कोठडी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलंय. आरोपपत्र ६० दिवसांत, भारी गुन्ह्यांत ९० दिवसांत आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. तिथे मॅजिस्ट्रेटला नाही म्हणायची सोयच नाही. तुमचा चोर सुटला तर एकदा तपासी अंमलदारालाही विचारा, आरोपपत्र कधी दाखल करणार?

पण तुमच्या प्रश्नामागे दुसरा एक समज दिसतो, की मॅजिस्ट्रेट चोराच्या बाजूने असतो. रिमांड म्हणजे काय असतं ते सांगते. अटक केल्यापासून २४ तासांत आरोपीला समोर आणावं लागतं, मग रविवार असो की दिवाळी. सुट्टीच्या दिवशी ते घरी येतात. एका रविवारी संध्याकाळी माझ्या क्वार्टरसमोर जीप थांबली. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप असलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, दोन हवालदार आणि फौजदार. पोलीस कोठडी हवी होती, कारण "मुद्देमाल हस्तगत करणे बाकी".

विचारायचा प्रश्न ठरलेला असतो : पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मुलाने हवालदाराकडे पाहिलं आणि म्हणाला, नाही. मी तिघांना फाटकाबाहेर उभं राहायला सांगितलं आणि शिपायाला पाणी आणायला. मुलाला पेला धरता येईना. पुन्हा विचारलं. तो बोलला नाही, त्याने चप्पल काढून तळवा दाखवला.

मी दिसलं तसं रिमांडच्या कागदावर लिहिलं : कुठे सूज, कुठला रंग, कोणत्या हाताने पेला धरता आला नाही. ग्रामीण रुग्णालयात तपासणीचा हुकूम केला, पोलीस कोठडी नाकारून न्यायालयीन कोठडी दिली. दुसऱ्या दिवशी वरचे अधिकारी चेंबरमध्ये आले, अदबीने म्हणाले, "मॅडम, रिकव्हरी राहिली हो." राहिली खरी. ज्याची मोटर गेली तो शेतकरीही माझ्यावर नाराज असणार, आणि त्याचं चुकत नाही. त्याच्या उभ्या पिकाला पाणी नव्हतं. पण "आरोपीस विचारले, तक्रार नाही" अशी एक तयार ओळ असते, ती हवालदार समोर उभा असताना लिहायची की त्याला बाहेर काढून लिहायची, एवढंच माझ्या हातात होतं. मोटर पुढे सापडली की नाही, कळलं नाही. माझी बदली झाली.

प्रश्न : मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला न्यायाधीश व्हायचंय. आता तीन वर्षं वकिलीची अट आली म्हणतात. ती योग्य वाटते का? घरचे म्हणतात, बदल्यांची नोकरी मुलीला झेपणार नाही.
— विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अट आली हे खरं. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी ती पुन्हा लागू केली. पुन्हा म्हणते, कारण माझ्या वेळी ती होतीच. २००२ मध्ये काढली होती, न्यायाधीशांच्या पगार-सेवाशर्तींसाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीवरून. अर्धी योग्य वाटते. उलटतपास पुस्तकात वाचून कळत नाही. साक्षीदार कुठे अडखळला आणि वकील कुठे मुद्दाम ओरडला, हे ओळखायला कोर्टात पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागतं. पण लहान गावात ज्युनियरला सीनियर काय देतात, हे तूही जाणतेस. पेट्रोलचे पैसे सुटले तरी नशीब. ज्या मुलीच्या घरी तीन वर्षं बिनपगारी काढायची ऐपत नाही, ती ही अट पुरी कशी करणार? याचं उत्तर मला कुठल्या निकालपत्रात सापडलेलं नाही.

परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. पूर्वपरीक्षा १०० गुणांची, ती फक्त चाळणी. मुख्य परीक्षेचे १०० गुणांचे दोन पेपर आणि मुलाखत ५० गुणांची. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा मुळातून वाच, गाईडमधून नको. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे आणि पुरावा कायदा नव्या नावांनी, नव्या कलमांनी आलेत. कोर्टात जुने खटले जुन्या कलमांखाली चालूच आहेत, तेव्हा तुझ्या पिढीला दोन्ही पाठ करणं आलं. पगाराबद्दल तू संकोचून विचारलेलं नाहीस, तरी सांगते : दुसऱ्या न्यायिक वेतन आयोगानंतर सुरुवातीचा मूळ पगार ७७,८४० रुपये आहे. १९९६ पासूनचा शेट्टी आयोगाचा आकडा ९,००० होता, आणि तोही तेव्हा आम्हाला ऐश्वर्य वाटला होता.

प्रशिक्षण आता भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत होतं. आम्हाला एका सीनियर न्यायाधीशांच्या शेजारी बसवलं आणि मग सोडलं. खरं शिकवलं माझ्या पहिल्या कोर्टातल्या शिरस्तेदारांनी, म्हणजे कचेरीच्या मुख्य कारकुनांनी. निवृत्तीला आलेले, सुपारीचं खांड गालात. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "साहेब, रोजनामा कारकुनावर सोडू नका. सही करायच्या आधी वाचा. उद्या वर गेला की तुम्ही नसता, तोच असतो." ते बोलले ते खरं, हे मला अपिलं ऐकायला लागल्यावर समजलं.

बदल्यांचं. साधारण तीन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास, आणि स्वतःचा जिल्हा सोडून. न्यायमूर्ती रानडे सबजज्ज असताना १८७० च्या दशकाच्या शेवटी पुण्याहून नाशिकला आणि तिथून धुळ्याला हलवले गेले, त्यात सरकारच्या संशयाचा भाग होता. आमच्या बदल्यांत तेवढंही भाग्य नाही, यादीत नाव असतं इतकंच. माझे पती सोलापुरात शाळेत शिक्षक. मुलगी काही वर्षं माझ्याजवळ, काही त्यांच्याजवळ राहिली. दर नव्या गावी गॅसचं कनेक्शन, तिची शाळा आणि घरकामाला बाई, या क्रमाने लढाई. झेपतं. पण घरच्यांना सांगताना "बदल्या होतात" असं गोड करून सांगू नकोस, नवऱ्यालाही लग्नाआधीच सांग.

प्रश्न : भाऊ म्हणतात, तुझं लग्न झालं, आता वडिलांच्या शेतात हक्क नाही. कोर्टाचा खर्च मला परवडणार नाही.
— एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, लग्न झालेलं असो वा नसो. महाराष्ट्राच्या १९९४ च्या कायद्यात तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, तेवढंच भावांच्या डोक्यात राहिलेलं असतं. २००५ च्या वेळी वडील हयात असणं गरजेचं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीकृत वाटप झालं असेल तर ते मोडत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं असेल तर गोष्ट वेगळी.

खर्चाचं म्हणाल तर मालमत्तेच्या वादात स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, आणि तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. भाऊबीजेला "नुसती सही कर" म्हणून काही पुढे केलं तर न वाचता करू नका. ते हक्कसोडपत्र असतं.

प्रश्न : खरं सांगा, कधी पैशाचं आमिष, पुढाऱ्याचा फोन?
— निवृत्त तलाठी, सातारा

उत्तर : तुम्ही तलाठी होता, तुम्हाला मी काय सांगू? बॅग घेऊन कोणी येत नाही. मे महिन्यात आंब्याची पेटी येते. मुलीच्या वाढदिवसाला, जो तुम्ही कोणाला सांगितलेला नसतो, फ्रॉक येतो. भाजीवाला पैसे घेत नाही, आणि दोन दिवसांनी कळतं की त्याच्या भावाची केस आपल्या बोर्डावर आहे. मी शेजारच्या गावच्या आठवडी बाजारात जाऊ लागले. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं आणि वांगीही बरी मिळत.

एकदा एका प्रकरणातल्या पक्षकाराचे पाहुणे म्हणवणारे गृहस्थ संध्याकाळी घरी आले. "सहज" आले होते. दुसऱ्या दिवशी ते प्रकरण पुकारलं, दोन्ही वकिलांना उभं केलं आणि काल घरी कोण आलं, काय बोललं, ते भर कोर्टात सांगितलं. रोजनाम्यात लिहिलंही, आणि प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावं असं जिल्हा न्यायाधीशांना कळवलं. त्यानंतर त्या तालुक्यात "सहज" कोणी आलं नाही. लग्नांची आमंत्रणं मात्र यायची. जायची नाही, त्यामुळे गावात मी शिष्ट ठरले. सत्यनारायणाच्या प्रसादाला कुठे बसावं याचासुद्धा विचार करावा लागतो, आणि त्यात माणूस एकटा पडतो. या एकटेपणाचा भत्ता कुठल्याही वेतन आयोगाने दिलेला नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर तुम्ही वकिली का करत नाही? सल्ला घ्यायला यायचं असेल तर?
— अनेक वाचक

उत्तर : साठाव्या वर्षी निवृत्त झाले. वकिली करता येते, पण ज्या पदावरून निवृत्त झालो त्याच्या बरोबरीच्या किंवा खालच्या कोर्टात उभं राहता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणजे मला उच्च न्यायालयात जावं लागेल, आणि ती धावपळ मला आता झेपत नाही. लोकअदालतीच्या पॅनेलवर बोलावतात तेव्हा जाते. तिथे तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचंच बळ असतं आणि वर अपील नाही. चेकची प्रकरणं आणि अपघाताच्या भरपाईची प्रकरणं तिथे सुटलेली पाहिली की बरं वाटतं. नवरा-बायकोची प्रकरणं मात्र घाईने तडजोडीत ढकलू नयेत, असं मी पॅनेलवर बसूनही सांगते.

सल्ल्यासाठी मासिकाच्या पत्त्यावर मूळ कागद पाठवू नका. मागच्या महिन्यात एकाने अस्सल खरेदीखत पाठवलं, ते संपादकांनी पोस्टाने परत केलंय. झेरॉक्सही नकोत. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय तुमच्या कोर्टाच्या आवारातच असतं, तिथे जा. आणि बार्शीच्या गृहस्थांना विनंती, रोजनाम्याची नक्कल मिळाली की कोणत्या वर्षी कोणी किती मुदती मागितल्या, तेवढं एका पोस्टकार्डावर कळवा. नावं नकोत.